कमिशनरसाहेबांचं कपाट

चार वर्षं मी एका मेलेल्या सरकारी अधिकाऱ्याचा पिच्छा पुरवला आणि मला त्याचा जराही पश्चात्ताप नाही. हा अधिकारी एकोणिसाव्या शतकातला, अमेरिकेतल्या एका राज्य सरकारच्या नोकरीतला. हुद्दा, कमिशनर ऑफ इमिग्रेशन. राज्यात जमीन मोकळी पडली आहे असं सरकारचं म्हणणं होतं (ज्यांची ती होती त्यांना आधीच हुसकावून लावलं होतं, पण ते अहवालात कोण लिहिणार?), तेव्हा युरोपातून माणसं बोलावून तिथे वसवायची, हे ह्याचं काम. तो स्वतः जर्मन. कोलोनपासून दोन-अडीच तासांवर आयफेलच्या डोंगरात एक खेडं आहे, तिथल्या सुताराचा मुलगा. विसाव्या वर्षी बोटीत बसला, तिकडे आधी शाळामास्तर झाला, मग एका जर्मन वर्तमानपत्राच्या छापखान्यात लागला, आणि शेवटी राज्य सरकारच्या कचेरीत.

मी कोलोनच्या विद्यापीठात त्याच्यावर पीएच.डी. करत होते. कराडची मुलगी कोलोनला जाऊन अमेरिकन अधिकाऱ्यावर का लिहिते, हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला आहे की आता मी उत्तर देत नाही. एकाच माणसाला मात्र तो कधी पडला नाही. माझे बाबा. महसूल खात्यातून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले, आई गेल्यापासून कराडच्या फ्लॅटमध्ये एकटे राहणारे. त्यांच्या मते सरकारी माणसाचं चरित्र कुणीतरी लिहितंय, हे फार पूर्वीच व्हायला हवं होतं. दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न तोच, “काय म्हणतात तुझे साहेब?”

साहेब फार काही म्हणत नव्हते, हीच अडचण होती. माझ्याकडे त्यांचे सात वर्षांचे सात छापील अहवाल होते आणि जर्मन भाषेत काढलेली एक पुस्तिका. पुस्तिकेत पानोपानी मोठ्या अक्षरांत ‘या!’ असं लिहिलेलं. इथली माती काळी आहे, या. इथे शाळा आहेत, या. अहवाल मात्र लाकडासारखे कोरडे. फक्त प्रत्येक अहवालाच्या शेवटी एक परिच्छेद यायचा, की ह्या कचेरीला विधानभवनाच्या तळघरातली ओल धरणारी खोली मिळालेली असून कागद भिजतात, तरी एक कोरडं कपाट मंजूर व्हावं ही नम्र विनंती.

मी हे बाबांना वाचून दाखवलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

“सातही वर्षं?”

“सातही वर्षं. दर वेळी शब्द थोडे वेगळे.”

“अगं, मी अकरा वर्षं लिहिलं. रेकॉर्ड रूमला कपाट द्या म्हणून. कपाट आलं तेव्हा माझी बदली झाली होती.” मग म्हणाले, “चांगला माणूस दिसतोय हा. चिकट आहे.”

बाबांच्या शब्दकोशात चिकट ही मोठी पदवी आहे. ती मलाही त्यांनी दिलेली आहे, लहानपणी, वैतागून.

चिकटपणाची गरजच होती. चौथ्या वर्षाच्या उन्हाळ्यात माझ्या प्रोफेसरबाईंनी मला समोर बसवून स्पष्ट सांगितलं, की हे जे काही तू लिहिलं आहेस तो एका कचेरीचा इतिहास आहे, माणसाचं आयुष्य नाही. खासगी कागद मिळाले नाहीत तर विषय बदल, कचेरीवर लिही आणि मोकळी हो. माझा करार मार्चअखेर संपत होता. त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं आणि मला इतका राग आला की मी लायब्ररीपर्यंत चालत गेले, ट्रॅम सोडून. कचेरीवर लिहायचं असतं तर कराडच्या कचेरीवर लिहिलं नसतं का? मला तो माणूस हवा होता. तळघरात बसून सात वर्षं कपाट मागणारा माणूस संध्याकाळी घरी जाऊन काय करत होता, हे मला हवं होतं. मी ठरवलं, मार्चपर्यंत त्याचे कागद मिळवायचेच.

चर्चच्या नोंदवह्यांतून त्याची एक धाकटी बहीण सापडली. ती खेड्यातच राहिली, तिथेच लग्न झालं. तिच्या मुलांची मुलं, त्यांची मुलं, असं उतरत उतरत मी एका चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईंपर्यंत पोचले. त्या अजून त्याच खेड्यात, त्याच घरात राहत होत्या. मी त्यांना हाताने पत्र लिहिलं, तीन वेळा शुद्ध करून. बारा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. रविवारी तीन वाजता या. पत्रं आहेत.

पत्रं आहेत! मी ते कार्ड उशाशी ठेवून झोपले.

रविवारी त्या खेड्याला बस नसते. असते, पण तासभर आधी फोन करून बोलवावी लागते, आणि हे मला स्टेशनबाहेरच्या थांब्यावर उभं राहिल्यावर समजलं. मग काय, पाच किलोमीटर चालले. जर्मन माणसाने तीन सांगितले की तीनच, तेव्हा शेवटचा किलोमीटर जवळजवळ पळाले. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. तीनला दोन मिनिटं असताना मी बेल वाजवली तेव्हा माझं तोंड भाजलेल्या वांग्यासारखं झालं असणार.

बाई उंच, सरळ पाठीच्या, कानात ऐकण्याचं यंत्र. टेबल मांडून ठेवलं होतं. चांगल्या कपबशा, आलुबुखाऱ्याचा केक, वाडगाभर फेटलेली साय.

“कॉफी घेणार?” त्यांनी विचारलं.

“नको, नको,” मी म्हणाले. “त्रास कशाला?”

आता हे वाचणाऱ्या कुणालाही मी काय म्हणाले ते समजावून सांगायला नको. पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणणारी मुलगी आमच्या घरात वाढली असती तर आईने बाहेर पडल्यावर चिमटा काढला असता. पहिलं नको हे नको नसतंच. ते दारावरच्या टकटकीसारखं असतं. मग समोरच्याने ‘अहो घ्या हो, अर्धा कप’ म्हणायचं असतं, आपण ‘बरं, अगदी अर्धा’ म्हणायचं असतं आणि भरलेला कप प्यायचा असतो. चार वर्षं मी जर्मनीत होते, तेव्हा मला हे कळायला नको होतं का? विद्यापीठात कळत होतं. कॅन्टीनमध्ये कळत होतं. पण म्हाताऱ्या बाईंच्या घरात, मांडलेल्या टेबलासमोर, खुर्चीच्या कडेवर बसल्यावर मी एकदम कराडची झाले.

बाईंनी कॉफीचं भांडं खाली ठेवलं. केक विचारला. मी म्हणाले, नको नको. त्यांनी एक तुकडा कापला, स्वतःच्या ताटलीत घेतला, साय घातली आणि माझ्यासमोर शांतपणे खाल्ला. मी त्यांच्या काट्याकडे बघत अमेरिकन राज्यघटनेविषयी काहीबाही बोलत राहिले.

मग त्या आत गेल्या आणि पत्र्याचा एक डबा घेऊन आल्या. बिस्किटांचा असावा. झाकण उघडलं. वरच्याच कागदावर छापलेलं होतं, कमिशनर ऑफ इमिग्रेशन, आणि त्याखाली जुन्या जर्मन लिपीतलं त्याचं बारीक, पुढे झुकलेलं अक्षर.

“बहिणीला लिहिलेली आहेत. चाळीसेक असतील,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला घेऊन जायची आहेत का?”

आणि मी, गाढवासारखी, म्हणाले, “नाही, नाही. तुम्हाला उगाच अडचण नको.”

“बरं,” त्या म्हणाल्या. झाकण लावलं. डबा आत नेऊन ठेवला.

मी वाट बघत बसले. त्या परत येतील, ‘अहो, न्या हो’ म्हणतील, मी संकोचत हो म्हणेन. त्या परत आल्या आणि खिडकीतल्या कुंड्यांविषयी बोलू लागल्या. मग म्हणाल्या, की घर विकलंय, पंधरा दिवसांत त्या मुलाच्या गावी, हॅम्बर्गजवळच्या वृद्धाश्रमात चालल्या आहेत, जुन्या वस्तू काढून टाकायचं काम सुरू आहे. चार वाजता त्यांनी घड्याळाकडे बघितलं. सव्वाचारला मी रस्त्यावर होते. पाच किलोमीटर, हात हलवत.

दोन दिवस मी त्या बाईंवर धुमसत होते. दाखवायची होती, द्यायची नव्हती! कंजूष, खडूस, कोरडी बाई! मंगळवारी माझ्याच खोलीत बसणाऱ्या, कोलोनमध्येच वाढलेल्या सहकाऱ्यापुढे मी सगळी कहाणी ओतली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे, तिने तुला विचारलं, पत्रं हवीत का?”

“हो.”

“आणि तू नाही म्हणालीस.”

“पण एकदाच! एकदा तर नाही म्हणायचंच असतं!”

“मग तिने किती वेळा विचारायचं होतं?”

“निदान दोनदा. खरं तर तीनदा.”

त्याला हसू येत होतं पण त्याने ते दाबलं, हा त्याचा चांगुलपणा. “तिला वाटलं असेल, की तुला ती नको आहेत,” तो म्हणाला. “आणि जी पत्रं संशोधिकेलाही नको आहेत, ती घर रिकामं करताना कुठे जातील?”

इथे प्रत्येक घराला रद्दी कागदाची निळी कचरापेटी असते. महिन्यातून एकदा गाडी येते.

मी फोन लावला. वाजला, कुणी उचलला नाही. दहा वेळा लावला. बुधवारी सकाळी पहिली गाडी पकडली. अपॉइंटमेंट न घेता कुणाच्या घरी जायचं नसतं हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि मला त्याची काडीचीही पर्वा नव्हती. बुधवारी बस होती. बसमध्ये बसून मी एकच वाक्य जर्मनमध्ये घोकत होते, ज्यात ‘कृपया’ नव्हतं, ‘जर शक्य असेल तर’ नव्हतं आणि ‘त्रास’ हा शब्द नव्हता.

बेल तीन वेळा वाजवली. बाईंनी दार उघडलं. हातात चिकटपट्टी, कानातलं यंत्र काढून ॲप्रनच्या खिशात ठेवलेलं. फोन न उचलण्याचं कारण ते होतं. त्यांनी यंत्र कानात घातलं आणि म्हणाल्या, “आज आपलं ठरलेलं नव्हतं.”

“नव्हतं,” मी म्हणाले. “मला ती पत्रं हवी आहेत. रविवारी मी नाही म्हणाले ते खोटं होतं. मला ती पहिल्यापासून हवी होती. मला कॉफीसुद्धा हवी होती. आणि केकसुद्धा.”

माझे डोळे भरून आले होते, रागाने की भीतीने कुणास ठाऊक.

“मग तसं सांगायचं,” त्या म्हणाल्या. “मी विचार करत बसले. ही मुलगी कोलोनहून आली, चालत आली, हिला कॉफी नको, केक नको, पत्रं नकोत. मग ही आली कशाला होती?”

पत्रं आता डब्यात नव्हती. डबा मुलाच्या बायकोला बटणं ठेवायला हवा होता, म्हणून रिकामा करून बाजूला ठेवलेला. पत्रं गॅरेजमध्ये होती, रद्दीच्या गठ्ठ्यांत, सुपरमार्केटच्या जाहिराती आणि जुन्या दिनदर्शिका ह्यांच्यामध्ये सुतळीने बांधून. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. मी गॅरेजच्या फरशीवर फतकल मारून एकेक गठ्ठा सोडत गेले. पाचव्यात सापडली. मोजली, एक्केचाळीस. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. “इतकी महत्त्वाची आहेत?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

मग आत जाऊन त्यांनी कॉफी विचारली. मी हो म्हणाले. केक विचारला, आदल्या दिवशीचा सफरचंदाचा. हो. अजून एक तुकडा? हो. पहिल्याच फटक्यात तीन वेळा हो म्हणताना मला कानकोंडं झालं, पण बाईंचा चेहरा असा काही खुलला की मी तिसरा तुकडाही खाल्ला. निघताना त्यांनी कागदावर सही करून दिली, पत्रं विद्यापीठाच्या संग्रहात द्यावीत म्हणून. एकच अट घातली, की कामाचं सोडून इतर कुठे लिहिलंस तर घरच्यांची नावं नकोत. ती मी इथे पाळते आहे.

हिवाळाभर मी ती अक्षरं लावत बसले. जुनी जर्मन लिपी ही दिसायला सगळ्या काड्या एका दिशेला कललेल्या कुंपणासारखी. बाबांनी खात्यात असताना जुन्या दस्तांसाठी मोडी शिकून घेतली होती. त्यांनी फोनवरून सल्ला दिला, “शब्द लागत नसेल तर सोडून पुढे जायचं. त्या माणसाचा हात ओळखीचा झाला की मागचं आपोआप लागतं.” जानेवारीत तसंच झालं. एके दुपारी कुंपण हललं आणि त्यातून माणूस बाहेर आला.

केवढा माणूस होता तो! त्या तळघरात शेगडी पेटवली की खोली धुराने भरायची, म्हणून ती न पेटवता तो हातमोजे घालून लिहायचा. पुस्तिकांवरचे पत्ते स्वतः चिकटवायचा. त्याची पुस्तिका हातात धरून लोक स्टेशनवर उतरायचे, बर्फ बघून त्यालाच शिव्या द्यायचे, आणि हा त्यांच्या ट्रंका उचलून धर्मशाळेपर्यंत पोचवायचा, आपण कोण ते न सांगता. निवडणुकीत त्याचा पक्ष पडला आणि पद गेलं. जागेवर आलेल्या नव्या कमिशनरला पहिल्याच महिन्यात कपाट मिळालं. ‘ओक लाकडाचं, चार फळ्यांचं’, असं त्याने बहिणीला लिहिलंय. मुद्दाम बघायला गेला असणार.

आणि बहीण. हजारोंना ‘या’ लिहिणारा हा माणूस बहिणीला मात्र फार जपून लिहायचा. पद मिळालं त्या वर्षी एकदाच विचारलंय, येशील का म्हणून. तिचं उत्तर आपल्याकडे नाही, पण पुढच्या पत्रात त्याने ते उतरवलंय. नको म्हणालीस, आईकडे कोण बघेल म्हणालीस, मला पटलं, विषय इथे संपला. मग वीसेक पत्रं हवामान, पीक, तब्येत. शेवटून दुसऱ्या पत्रात अक्षर हललेलं आहे. तिथे एवढंच आहे, ‘आई गेल्यावर तू पुन्हा लिहिशील म्हणून मी थांबलो. आता वाटतं, तूही मी विचारीन म्हणून थांबली होतीस का?’

मी ते पत्र दुपारी लावलं आणि उठून हात धुऊन आले. का, कुणास ठाऊक.

फेब्रुवारीत पत्रांवर लिहिलेलं प्रकरण प्रोफेसरबाईंकडे गेलं. त्यांनी ते वाचून एकच वाक्य लिहून पाठवलं, आता हे आयुष्य आहे. करार संपायला पाच आठवडे होते. मी त्या रविवारी बाबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं, पत्रं वाचून दाखवली, कपाटाचं, ट्रंकांचं, बहिणीचं. बाबा मध्येच चष्मा काढून पुसतायत, हे मला इकडे कळत होतं.

मग म्हणाले, “गंमत बघ. कपाट सात वेळा मागितलं, आणि बहिणीला एकदाच विचारलं.”

मला दोन वर्षांपूर्वीचा एक रविवार आठवला. मी विचारलं होतं, बाबा, इकडे येता का, तीन महिने राहा. ते म्हणाले होते, नको गं, तुझं काम, तिथली थंडी, मी काय करू तिथे. आणि मी म्हणाले होते, बरं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं होतं, आपण वडिलांच्या मताचा मान राखला म्हणून. म्हाताऱ्या बाईंकडून मी तीन वेळा विचारण्याची अपेक्षा केली, आणि घरी मात्र त्यांच्यासारखंच झाकण लावून डबा आत ठेवला.

“बाबा,” मी म्हणाले, “तुम्ही इकडे या.”

“नको गं. तुझी शेवटची घाई चाललीय. माझी अडचण कशाला?”

“अडचण नाही. मला तुम्ही हवे आहात. तोंडी परीक्षेच्या वेळी समोर बसायला. या.”

“अगं, त्या थंडीत माझे गुडघे...”

“मेमध्ये थंडी नसते. या.”

कराडच्या बाजूला खुर्ची सरकल्याचा आवाज, कपाटाचं दार उघडल्याचा आवाज, कागद.

“हे बघ,” बाबा म्हणाले, आवाज अगदी कचेरीतला, “पासपोर्ट मी मागच्याच्या मागच्या वर्षी काढून ठेवलाय. तू येता का म्हणून विचारलंस ना, त्याच आठवड्यात. व्हिसाला फोटो मात्र नवे लागतील का, तेवढं विचार.”